भोंगाआत्याची हाक

भोंगाआत्याला कुजबुजता येत नसे. ती माझ्या आईच्या कानाशी तोंड नेई, पदराचा आडोसा करी, डोळे बारीक करी आणि मग जे काही सांगे ते पलीकडच्या आळीत ऐकू जाई. एकदा तिने एका मुलीच्या ठरू घातलेल्या सोयरिकीबद्दल आईला अशीच अगदी विश्वासात घेऊन बातमी दिली. त्या मुलीचा मामा तेव्हा खाडीतून होडी घेऊन चालला होता. त्याने वल्हं थांबवलं आणि तिथूनच विचारलं, "कोनाबरोबर म्हनालीस?" मयताच्या घरी ती सांत्वनाला गेली, की तिच्या पहिल्या वाक्याला बसलेल्या बायका आधी प्रेताकडे बघत.

गावात ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. नवरा मुंबईला नोकरीला होता, तो तिथेच वारला. मूलबाळ झालं नाही. बांधाच्या टोकाशी असलेल्या घरात ती एकटी राही, आणि म्हणून ती सगळ्या गावाची आत्या. भोंगा हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही. पण तिला ते पसंत होतं. "भोंगा वाजला म्हंजे कामाला लागायचं," ती म्हणे. "काय वाईट हाय त्यात?"

बांधाचं सांगितल्याशिवाय तिचं काही सांगता येणार नाही. आमचं गाव म्हसळ्याहून खाडीच्या अंगाला उतरलं की लागतं. गावाची भातखाचरं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. म्हणजे उधाणाच्या दिवशी समुद्र आमच्या भाताच्या डोक्यावर उभा असतो आणि मध्ये असतो फक्त एक मातीचा बांध. त्याला भगदाड पडलं की आम्ही खांड पडली म्हणतो. पडते तेव्हा ती हाताच्या पंजाएवढी असते. तेवढ्यात चिखल, पेंढा आणि दगड घालायला माणसं पोचली तर बुजते. नाही पोचली तर भरती संपेतो तिच्यातून बैलगाडी जाईल. म्हणून बांधाजवळच्या पहिल्या घरातल्या बाईने हाक मारायची, अशी आमच्याकडची रीत. आत्याच्या आधी तिची सासू मारत असे. हाक आली की प्रत्येक घरातून एक माणूस टोपली नाहीतर फावडं घेऊन निघालाच पाहिजे. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन सख्खे चुलते मी एकाच टोपलीला हात लावून चिखल वाहताना पाहिले आहेत. खांड बुजल्यावर ते पुन्हा बोलेनासे झाले, ते अगदी रीतीप्रमाणे.

त्या हाकेचे दोनच शब्द आहेत, दुसरा खूप लांबवलेला. ते मी इथे लिहिणार नाही. कारण दुसरी रीत अशी, की खांड पडल्याखेरीज ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत. खेळात नाही, गोष्ट सांगताना नाही, नक्कल करतानाही नाही. लहानपणी मी एकदा आंब्यावर बसून ती हाक काढू लागलो होतो. पहिला शब्द पुरा व्हायच्या आत वडिलांनी मला पाय धरून खाली ओढलं. मार का पडला हे मी विचारलं नाही, इतकं ते उघड होतं.

या हाकेसाठी आत्याने आंबट सोडलं होतं. घसा बसतो म्हणून. किनाऱ्यावर न राहणाऱ्या वाचकाला यातला त्याग कळायचा नाही. आमच्याकडे आमसुलाशिवाय माशाचं कालवण म्हणजे पोहण्याशिवाय मासा. लग्न होऊन आली तेव्हा सासूने सांगितलं, "या घरात आंबट न्हाय," आणि तेव्हापासून तिने चिंच, कैरी, आमसूल, कशाला हात लावला नाही. कोणी आग्रह केला तर म्हणे, "माझा गला माझा न्हाय रे बाबा. गावाचा हाय." हे ती मोठेपणाने सांगत नसे. बैल कोणाचा, विहीर कोणाची, तसं सांगत असे. सुगीनंतर घरटी एक सूप भात तिच्या अंगणात येऊन पडे. तेही कोणी समारंभाने देत नसे.

समारंभांचं तिला वावडंच होतं. मी माणगावच्या कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हा तिथे माझा सत्कार झाला. ती शाल मी तिला दाखवली. तिने ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "बाळ्या, हिनं थंडी जायाची न्हाय, नि ही नेसताबी यायाची न्हाय. मंग दिली कशाला?" चौतीस वर्षं मराठी शिकवूनही मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

आणि तिचं एक वाक्य होतं, जे तिने गावातल्या प्रत्येक पोराला ऐकवलेलं होतं: "हाक आली की आधी उठायचं. खरी का खोटी, ते बांधावर गेल्यावर बघायचं."

आता इथून पुढे मी रागावणार आहे. डॉक्टरांनी मला राग वर्ज्य सांगितला आहे, पण डॉक्टर आमच्या गावचे नाहीत.

एका वर्षी आषाढात नवी मुंबईहून एक मोठी गाडी आली. पावसाळी पर्यटन नावाची एक गोष्ट हल्ली निघाली आहे. तिच्यात लोक चिखल पाहायला येतात आणि चिखल लागला की तक्रार करतात. त्या गाडीवाल्याला बांधावरून गाडी चालवत असतानाचं दृश्य हवं होतं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला हिरवी खाचरं. त्याने गाडी बांधावर चढवली. भिजलेली माती ती. चाकं रुतली, बांधाची आतली कड खचली आणि पाणी झिरपू लागलं. आत्या लावणीतून उठून आली, तिने खचलेली कड पाहिली आणि हाक मारली.

गाव आलं. टोपल्या, फावडी, पेंढ्याचे भारे, सगळं आलं. माणसांनी गाडी उचलून बाजूला काढली, कड भरली, वर दगड टाकले. चाकोऱ्यांची कामचलाऊ डागडुजी झाली, बाकीचं पाऊस उघडल्यावर करू असं ठरलं. तोवर आत्या गाडीच्या तोंडाशी उभी राहून त्या माणसाला बोलत होती. "डोळं हायत का बटनं? ह्यो रस्ता दिसला तुला? माझ्या सासऱ्यानं पाठीवर माती वाहून ह्यो उभा केला, नि तू त्याच्या पाठीवर गाडी घालतोस?" तो माणूस एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, ओशाळला असेल. तो चित्रण करत होता.

दोन दिवसांत आत्या देशभर पसरली. 'कोकणातली डेंजर आजी' असं त्या तुकड्याला नाव दिलं होतं. माणगावला केमिस्टच्या दुकानात मला तो दाखवण्यात आला. आधी तिचा उघडा जबडा, मग ती हाक, मग "डोळं हायत का बटनं", आणि मागे कुठलंसं हास्यसंगीत. संपला. मी पुन्हा लावायला सांगितला, कारण मला वाटलं काहीतरी राहिलं. राहिलंच होतं. बांध नव्हता. खचलेली कड नव्हती. आणि धावून आलेलं गाव नव्हतं. एकही टोपली नव्हती. नुसतीच एक म्हातारी चिखलात उभी राहून, काही कारण नसताना, आभाळाकडे तोंड करून ओरडत होती.

तुकडा मी आत्याला दाखवला नाही, इतरांनी दाखवला. तिने तो शांतपणे पाहिला. पहिला आक्षेप घेतला तो नावाला. "आजी कोनाची? मला पोर न्हाय." मग विचारलं, "मानसं कुठं गेली?"

"कापली, आत्या," कोणीतरी म्हणालं.

"कापली?" तिला तो शब्द झेपला नाही. "मंग मी हाक कोनाला मारत्ये?"

मोबाइलवरच्या शेकडो प्रतिक्रिया मी वाचून काढल्या. मला जन्मभर उत्तरपत्रिका तपासायची सवय आहे. 'लव्ह यू आजी', 'रिअल कोकण', 'माझी पण आजी अशीच होती'. बांधाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. गाडी तिथे काय करत होती हेही नाही.

श्रावणात गावाने तिचा सत्कार ठरवला. यात पुढाकार गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षाचा. हा अध्यक्ष तिच्या समोर नागडा खेळलेला. जन्मभर "ए आत्या" म्हणणारा. त्या दिवशी माइकवर त्याने तिला 'आदरणीय आत्यासाहेब' केलं. मागे फलकावर तिचा उघडा जबडा, खाली अध्यक्षाचा मिटलेला. आणि प्रमुख पाहुणा म्हणून खुर्चीत कोण, तर तो गाडीवाला. बांध खचवल्याबद्दल आमच्या गावाने एका माणसाला हार घातला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाहुण्याचा विषय होता, व्हिडिओ व्हायरल कसा होतो. ते त्याने मनापासून समजावून दिलं. त्याला त्यातलं खरंच कळत होतं, आणि माझ्या रागाचं मुख्य कारण तेच आहे. "देखो मित्रांनो," तो म्हणाला, "पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. चेहरा पाहिजे, आवाज पाहिजे, भावना पाहिजे. माहिती दिली की पब्लिक पुढे सरकते. मी पण आधी पूर्ण घटना टाकणार होतो, वो सब लोग धावत येतात वगैरे. पण तिथे बघणारे गळत होते. म्हणून कट केलं. आणि बघा, आत्या डायरेक्ट लोकांशी कनेक्ट झाल्या!" टाळ्या पडल्या. ज्यांना कापलं होतं त्यांनीच वाजवल्या.

मग आत्याच्या अंगावर शाल आली आणि हातात माइक. माइकची तिला गरज काय, हा विचार आयोजकांना शिवला नाही. "त्या चाकोऱ्या तशाच हायत," ती म्हणाली, आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. "दगडांवर दगड ठेवलाय नुसता. भादव्याच्या उधाणाला तिथं पानी लागंल. हा पाव्हना हितं बसलाय, त्यानं नि तुमी मिळून उद्या माती टाका."

लोक हसले. पाहुणाही हसला, मोबाइल वर धरूनच हसला. अध्यक्ष तिच्याकडे वाकून म्हणाला, "आत्या, ते राहू दे गो. ती हाक मार एकदा. पाव्हन्यांची खास फर्माईश हाय."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की मला माझे वडील आणि आंब्याचं झाड आठवलं. "फर्माईश?" ती म्हणाली. "हाक मारली तर तू धावशील का आत्ता? तुझ्या ह्या पांढऱ्या कपड्यांत?" माइक टेबलावर ठेवून ती घरी गेली. शाल खुर्चीवर राहिली. 'आजी भडकली' हा दुसरा तुकडा संध्याकाळी निघाला. तो पहिल्याहून जास्त चालला, असं अध्यक्षाने मला अभिमानाने सांगितलं.

त्यानंतर लोक येऊ लागले. रविवारी गाड्या लागत. तुकड्यात आत्या जिथे उभी दिसते, नेमक्या त्याच जागी उभं राहून, तोंड उघडून, फोटो काढून घेण्याची पद्धत पडली. ती जागा म्हणजे खचलेली कड. वरचे दगड बाजूला सारून लोक तिथे पाय रोवत. आत्या त्यांना हाकलायला बाहेर आली, की ते खूश होत. त्यासाठीच तर आलेले असत. ती जितकी रागावे तितकं त्यांचं समाधान होई. आयुष्यभर तिच्या रागाला गाव घाबरत होतं, ऐकत होतं. आता तिचा राग हा बघण्याचा प्रकार झाला होता. दोन-तीन रविवारांनंतर तिने दार लावून घ्यायला सुरुवात केली. चाकोऱ्या कोणी भरल्या नाहीत. बांधावर माती टाकायला गेलं, की पर्यटक चित्रात येऊ नका म्हणत, आणि घराघरांत आता खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या.

गणपतीच्या आधी तिला कळलं, की मुंबईत कोणीतरी तिच्या हाकेवर ढोल आणि ठेका चढवून गाणं केलंय, आणि मंडळ ते डीजेवर वाजवणार आहे. ती अध्यक्षाच्या दारात गेली. मी तिथेच बसलो होतो.

"ते वाजवू नको."

"आत्या, अख्खा महाराष्ट्र वाजवतोय. आपल्याच गावात नको? लोक काय म्हनतील?"

"महाराष्ट्राला बांध न्हाय," आत्या म्हणाली. "आपल्याला हाय."

त्या दिवशी ती प्रथमच हळू बोलली. मी ते लक्षात ठेवलं, कारण मला ते आवडलं नाही. अध्यक्ष तिला म्हणाला, "बघतो." आमच्याकडे 'बघतो' म्हणजे 'नाही' हे तिलाही ठाऊक होतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीचं विसर्जन अनंत चतुर्दशीला होतं. पौर्णिमा तोंडावर असल्याने त्या दिवशी मोठं उधाण असतं. खाडीला भरपूर पाणी हवं म्हणून मिरवणूक सकाळीच निघते, म्हणजे मूर्ती भर भरतीला दुपारी धक्क्यावर पोचते. त्या वर्षी टेम्पोवर भिंतीएवढे आवाजाचे डबे होते. मी माझ्या ओट्यावर कानांत कापूस घालून बसलो होतो, आणि त्या कापसातूनही ती हाक येत होती. एक कडवं झालं की हाक, मग ठेका, मग पुन्हा हाक. पहिल्यांदा ती आली तेव्हा माझ्या शेजारचे म्हातारे काका काठी टेकून उठले. दुसऱ्यांदा अर्धे उठले. तिसऱ्यांदा नाही उठले.

आत्या त्या वेळी बांधावर होती. खचलेल्या कडेशी पाण्याची धार लागलेली तिने पाहिली आणि हाक मारली. ती कोणालाच वेगळी ऐकू आली नाही. हवेत तिचाच आवाज भरला होता, तिच्यापेक्षा मोठा. तिने पुन्हा मारली. मग ती धावत मिरवणुकीत आली आणि टेम्पोच्या समोर उभी राहून तिने हाक मारली.

ते मी पाहिलं. लोकांनी जल्लोष केला. स्वतः आत्या नाचायला आली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्याभोवती रिंगण केलं, मोबाइल वर गेले, डीजेवाल्याने कौतुकाने ठेका थांबवून तिला जागा दिली आणि तिची हाक पुरी होताच दुप्पट जोराने सुरू केला. ती एकेकाचा दंड धरून बांधाकडे हात दाखवत होती, आणि तो माणूस तिच्यासारखाच हात करून नाचत होता. मी ओट्यावरून उतरलो. तिचे पाय कमरेपर्यंत चिखलाने भरलेले होते. नाचायला येणारी बाई अशी येत नाही. मी ओरडलो, पण माझा आवाज वर्गातही तिसऱ्या बाकापलीकडे गेला नव्हता. शेवटी मी, काका आणि माझी सून, असे तिघे टोपल्या घेऊन बांधाकडे पळालो. पळालो म्हणजे मी आणि सून, काका चालले. पण निघाले.

मागे वळून पाहिलं तेव्हा आत्याने तोंड मिटलेलं होतं. रिंगणाच्या मध्यभागी ती नुसती उभी होती, आणि तिचा आवाज चालूच होता.

खांड तोवर दाराएवढी झाली होती. आम्ही ओतलेला चिखल पाणी आमच्या हातातूनच काढून नेत होतं. गाव आलं ते डीजेवाल्याचं जनित्र बंद पडल्यावर, गुलालाने रंगलेलं, आणि फुलोऱ्यावर आलेल्या भातात खारं पाणी पसरताना बघत उभं राहिलं. ते पीक गेलं. जमिनीतलं मीठ धुऊन निघायला अजून किती पावसाळे लागतील कोण जाणे. त्या खाचरांत आज लव्हाळंच आहे.

अध्यक्षाने बुडालेल्या शेतांचं चित्रण करून मागे करुण संगीत लावलं. लोकांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. गाडीवाल्यानेही ते पुढे धाडलं आणि वर लिहिलं, 'शब्द नाहीत'. त्याच्यापाशी कधीच नव्हते. जे होते ते आमचे होते, दोनच, आणि ते त्याने आणि आम्ही मिळून खर्चून टाकले. आता खांड पडली तर काय हाक मारायची, यावर ग्रामसभेत चर्चा झाली. मोबाइलवर गट करावा असं ठरलं. त्या गटावर सध्या सकाळी फुलं येतात.

आत्याने गावाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दिवाळीआधी ती कोणालाही न ओरडता तळा गावी भाचीकडे राहायला गेली. तिथून खाडी दिसत नाही.

परवा मी तिला भेटायला गेलो. जेवायला बसलो. तिने कालवण वाढलं, मी भात कालवला आणि पहिल्या घासाला थांबलो. आमसूल होतं. चांगलं सढळ हाताने घातलेलं.

"आत्या, आंबट?"

"खात्ये आता," ती म्हणाली. इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "छान लागतं रे. पार इसरले व्हते मी."

मी मान खाली घालून जेवू लागलो. तेवढ्यात शेजारच्या घरात कोणाच्या तरी मोबाइलवर ती हाक वाजली. ठेका सुरू झाला, हसण्याचे आवाज आले. आत्याने वाढण्याचा डाव खाली ठेवला, जमिनीला हात टेकून उठली, हळूहळू दारापर्यंत गेली, उंबऱ्यात उभी राहून तिने बाहेर नीट पाहिलं, आणि परत येऊन बसली.

"असं किती वेळा उठतेस?" मी विचारलं.

"वाजंल तितक्यांदा."

"अगं, पण खोटी असते ना ती. तूच ती."

"ते बाहेर जाऊन बघितल्यावर," आत्या म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं.